छपरावर दोन तोंडं, घरात शेगडी एक: कॅम्पातल्या बंगल्यातली फायरप्लेस काढताना

बेळगाव कॅम्पातला जुना बंगला. एकमजली, मंगळुरी कौलांचा, पुढे-मागे व्हरांडा, हॉलमध्ये चौदा फुटांवर सागवानी तक्तपोशी. हॉलच्या लांब भिंतीत मधोमध फायरप्लेस, तिच्याभोवती उठावाच्या नक्षीच्या चकचकीत फरशा, पुढे हातभर रुंद ओटा. तिच्यात जाळ केल्याचं घरातल्या कुणाला आठवत नाही. आत जुनी वर्तमानपत्रं, गणपतीच्या मखराचं थर्माकोल आणि एक मोडका टेबलफॅन. मालकीणबाई आणि बेंगळुरूची नोकरी सोडून घरी परतलेला त्यांचा मुलगा, दोघांची मागणी एकच: हे काढा आणि भिंत सपाट करा. मुलाला तिथे टीव्ही लावायचा होता. आईचं कारण निराळं होतं. "दर पावसाळ्यात त्या भिंतीला पाणी येऊलंय वो. रंग लावून लावून दमले मी."

आमच्या आधी एक ठेकेदार येऊन दर देऊन गेला होता: चार गडी, दोन दिवस, एक ट्रॉली डबर. हॉलमध्ये उभं राहून पाहिलं तर या दरात काही वावगं दिसत नाही. फायरप्लेस म्हणजे भिंतीला टेकवलेलं कपाट, असं धरलं की हिशोब तेवढाच होतो. पण जमिनीजवळ दिसते ती फक्त तळाची बाजू असते. तिच्यावर भिंतीतून दीड फूट पुढे आलेला विटांचा खांब, खांबाच्या पोटात धुराचा नळ, आणि तक्तपोशी, माळा, कौलं भेदून वर गेलेलं धुराडं, हे सगळं एकच बांधकाम आहे. म्हणून पाहणी छपरापासून सुरू केली.

बेळगावला फायरप्लेस कशाला, असं बाहेरची माणसं विचारतात. गाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, पुढे छावणी वसली आणि अधिकाऱ्यांचे बंगले उभे राहिले. इथली थंडी काही विलायतेसारखी नाही. माझ्या मते या शेगड्या थंडीपेक्षा जून ते सप्टेंबरच्या ओलीसाठी जास्त पेटत असाव्यात. त्या दिवसांत कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते, दारं फुगून चौकटीत अडकतात.

वर काय सापडलं

धुराड्याच्या माथ्यावर सिमेंटचा पत्रा ठेवून त्यावर दगड मांडले होते. पत्रा उचलला तर खाली दोन तोंडं. मधे अर्ध्या विटेची पडदी आणि दोन्हीकडे वीतभर चौकोनी नळ. घरात मात्र फायरप्लेस एकच. दुसरा नळ कुठे उतरतो?

मालकीणबाईंना विचारलं तेव्हा त्या थोडं थांबून म्हणाल्या, "सासूबाईंच्या खोलीत भिंतीतलं कपाट हाय नव्हं, तिथं पूर्वी काहीतरी होतं म्हणायच्या." हॉलच्या पलीकडची ती खोली. कपाटाची पाठ ठोकली तर आवाज पोकळ आला. म्हणजे दोन खोल्यांच्या दोन शेगड्या पाठीला पाठ लावून होत्या, वर एकच धुराडं, आणि एका शेगडीचं कपाट झालेलं. हॉलच्या बाजूने खांब फोडत गेलो असतो तर मधली अर्ध्या विटेची पडदी दोन्ही बाजूंनी उघडी पडली असती. तिच्यावर वरचा सगळा भार.

तो भार किती? धुराडं बाहेरून तीन फूट बाय दोन फूट, कौलांच्या वर सुमारे आठ फूट. नळांची पोकळी वजा करून एक घनमीटरहून थोडं जास्त बांधकाम उरतं. वीटकामाचं वजन घनमीटरला एकोणीसशे किलोच्या आसपास धरतात. म्हणजे दोन टन, तेही फक्त छपरावरचं. माळ्यातला आणि खोलीतला भाग निराळा.

माळ्यात आणखी दोन गोष्टी दिसल्या. छपराची एक आडवी तुळई खांबाच्या खांद्यावर टेकलेली होती. आणि हॉलची ती भिंत चोवीस फूट लांब, चुन्यातली, मधे एकही आडवी भिंत नाही. बांधणाऱ्याने खांबाचा उपयोग भिंतीला धिरा म्हणून केला होता. अशी भिंत सपाट केली तर ती लगेच पडत नाही, पण तिचा ओळंबा पुढे कधी सुटेल याची हमी कुणी देऊ नये.

काय काढायचं, काय ठेवायचं

मुलाला भिंत सपाटच हवी होती. त्याच्यापुढे हिशोब मांडला. खांब काढून हॉलला मिळणार आठेक चौरस फूट. त्यासाठी तुळईला नवा आधार, खोलीच्या बाजूच्या बांधकामाला लोखंडी गर्डर, भिंतीला दुसरा धिरा, आणि हे सगळं होईपर्यंत हॉलभर टेकू. खालचा खांब काढून वरचं धुराडं लोखंडी अँगलच्या ब्रॅकेटवर तोलून धरण्याचीही पद्धत आहे. चांगल्या सिमेंटातल्या जाड भिंतीत ती चालते. चुन्याच्या जुन्या भिंतीत दोन टन अशा ब्रॅकेटवर टांगायला मी तयार नव्हतो आणि तसं सांगितलं.

ठरलं ते असं: धुराडं कौलांच्या खालपर्यंत उतरवायचं आणि छप्पर सलग करायचं. खांब राहील. फरशांची चौकट आणि ओटा निघेल, तोंड बंद होईल. खरं तर मी ती चौकटही ठेवली असती. जाळ न करताही ती हॉलचा ऐवज होती. पण घर त्यांचं, रोजचा वावर त्यांचा.

कॅम्पात काम असल्याने परवानगीचा मुद्दा आलाच. इथले कितीतरी जुने बंगले ओल्ड ग्रँटवर आहेत. जमीन सरकारची आणि ताबेदाराचा हक्क वरच्या बांधकामापुरता. बाहेरून दिसणारा, छपराला किंवा भिंतींना हात लावणारा बदल कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या लेखी परवानगीशिवाय करू नये. रंगरंगोटी आणि धुराडं उतरवणं यांत कागदोपत्री मोठा फरक आहे. नकाशा आणि फोटो जोडून अर्ज दिला, परवानगी हातात आल्यावरच परांच्या बांधल्या.

छप्पर

कौलं उघडायची तर थंडी ओसरल्यावर, वळीव सुरू व्हायच्या आत. एप्रिल-मेमध्ये इकडचा वळीव दुपारी चार वाजता कुठून येतो कळत नाही, कधी गारांसह. म्हणून काम फेब्रुवारीअखेरीस धरलं आणि ताडपत्री रोज संध्याकाळी ओढायचीच, असा नियम केला.

माथ्यावरचा सिमेंटचा पत्रा ॲसबेस्टॉसचा असतो. तो फोडायचा नाही, कापायचा नाही. पाणी मारून अख्खा उचलला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला आणि वेगळा ठेवला. मग वरून एकेक थर. विटा नळातून खाली टाकायचा मोह प्रत्येक गड्याला होतो, कारण नळ आयताच पुढ्यात असतो. पण खाली पडणारी वीट मधली पडदी फोडते आणि काजळीचा लोट हॉलमध्ये काढते. घमेल्यात घालून दोरानेच उतरवायचं. आमचा मिस्त्री खानापूरकडचा, गडी बैलहोंगलचे. वरून "निधान, निधान" आणि खालून "सावकाश घ्या वो" असं कन्नड-मराठी दोन्ही भाषांत चाललेलं. विटा भाजणीला इतक्या पक्क्या की त्यांतल्या बऱ्याच पुढे तोंड बंद करायला वापरल्या.

नळात हाताला लागल्या त्या साळुंक्यांच्या घरट्यांच्या काड्या, एकावर एक कितीतरी वर्षांच्या. खालून बॅटरी मारून वर उजेड का दिसत नव्हता, ते तेव्हा कळलं.

गळती कशी होत होती तेही इथेच उलगडलं. धुराडं छपराच्या उतारावर मधेच उभं होतं. वरून येणारं पाणी त्याच्या पाठीला अडून साचायचं, पालापाचोळाही तिथेच तुंबायचा. मुळात तिथे पत्र्याची पन्हळ असावी, खिळे दिसत होते. नंतरच्या दुरुस्त्यांत विटांचा आणि कौलांचा सांधा सिमेंटच्या गोळ्याने भरला होता. लाकडी छप्पर उन्हा-पावसात हलतं, विटांचं बांधकाम हलत नाही, त्यामुळे असा सांधा पहिल्याच उन्हाळ्यात फाटतो. त्यावर डांबर, डांबरावर पुन्हा सिमेंट. चिरून पाहिलं तर थर मोजता आले असते.

भोक बुजवताना वासे आणि रिपा नव्या घातल्या. कौलांचा घोळ मात्र वेगळाच. खानापूरची नवी कौलं आणली होती, माल चांगला होता, पण जुन्यांत बसेनात. मंगळुरी कौलांचा साचा 1865 च्या सुमारास बासेल मिशन या मिशनरी संस्थेच्या कारखान्यातून इकडे रुळला. पुढे प्रत्येक कारखान्याने आपापले साचे केले आणि खाचा थोड्याथोड्या बदलल्या. दिसायला सारखी असली तरी एका कारखान्याच्या कौलाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसत नाही. पावसाच्या झडीत तो पाव इंच पुरेसा होतो. शेवटी मागच्या न्हाणीघरावरची जुनी कौलं काढून पुढे लावली आणि नवी सगळी न्हाणीघरावर नेली.

माळ्यात उरलेली दोन्ही नळांची तोंडं बुजवली नाहीत. त्यांवर बारीक जाळी बसवली. वटवाघळं आणि उंदीर अडतात, हवा अडत नाही. हॉलच्या बाजूला तळाशीही विटेएवढी जाळी ठेवली. खोलीतल्या कपाटाच्या पाठीत, खालच्या फळीमागे, तशीच दुसरी. वर-खाली दोन्हीकडे बंद केलेला नळ आतल्या आत ओल धरून बसतो.

फरशा

घरात सगळे या फरशा विलायती म्हणत. पहिली फरशी सुटली आणि पाठीवर जपानचं नाव उठावात निघालं. पहिल्या महायुद्धात युरोपचा माल येईनासा झाला, तेव्हा जपानी कारखान्यांनी हिंदुस्थानची बाजारपेठ धरली. सहा इंची, उठावाच्या फुला-पानांच्या, रंगीत झिलईच्या अशा फरशा त्या काळात आपल्याकडे पुष्कळ आल्या. तमिळनाडूतल्या चेट्टिनाडच्या वाड्यांतही त्या दिसतात. बंगला त्याहून जुना आहे, म्हणजे ही चौकट मागाहून, बहुधा 1920 च्या दशकात चढवलेली. आकार इंग्रजी, फरशी जपानी, विटा आणि चुना इथला.

मुलगा म्हणाला, निघतील तेवढ्या काढा, नाहीतर फोडा. मालकीणबाई म्हणाल्या, एकही फोडायची नाही. आधी फोटो काढले, प्रत्येक फरशीवर कागदी टेप लावून ओळ आणि घर लिहिलं. एकूण 54 फरशा: चौकटीच्या दर्शनी भागात 44, ओट्याच्या पुढच्या कडेला 10 साध्या हिरव्या.

सगळ्यात वरच्या ओळीपासून सुरुवात. हॅक्सॉच्या पात्याने सांधे मोकळे केले. फरशीच्या कडेत छन्नी घालून उचकटायची नाही. झिलईचा कोपरा सगळ्यात आधी तिथेच उडतो. आम्ही वरच्या बाजूने मागची वीटच सोडवली आणि फरशी विटेच्या खपलीसकट हातात घेतली. पाठीचा चुना मागाहून पाण्यात भिजत ठेवून लाकडी पट्टीने काढला. चुना भिजला की सुटतो. मिस्त्रीचा आग्रह होता ॲसिडचा: "बाटलीभर ओतलं की साफ होतंय बघा." होतं खरं, पण ॲसिड झिलईच्या बारीक तड्यांतून आत शिरतं आणि रंग कायमचा मरतो. ग्राइंडरही नको म्हटलं. त्या काळच्या रंगीत झिलईत शिसं असायचं, कोरडी घासली की ती भुकटी नाकात जाते.

हिशोब बोलका आहे. चुन्यात बसवलेल्या 43 फरशांपैकी तीन फुटल्या. उरलेल्या अकरा, म्हणजे ओट्याच्या दहा आणि चौकटीची एक, नंतर कुणीतरी सिमेंटात पुन्हा बसवल्या होत्या. त्यांतल्या नऊ फुटल्या. सिमेंट फरशीपेक्षा कडक. जोर लावला की सांधा सुटत नाही, फरशी तुटते. जुन्या घरात सिमेंटची दुरुस्ती करणाऱ्यांना ही आकडेवारी मी आवर्जून दाखवतो. बेचाळीस साबूत राहिल्या. त्यांतल्या चौकटीच्या चाळीस पुढच्या व्हरांड्यातल्या कट्ट्याला लागल्या, पुन्हा चुन्यातच.

चौकट निघाल्यावर तोंडावरची चपटी कमान दिसली, खाली लोखंडी पट्टीचा आधार. पट्टी गंजून फुगली होती. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यानेच कमानीच्या दोन विटा वर उचलल्या होत्या. तोंड आता भरायचंच होतं, त्यामुळे कमानीखाली टेकू देऊन जुन्या विटांची साडेचार इंची भिंत चुन्यात रचली आणि कमान तिच्यावर घट्ट पाचरली. मगच टेकू काढला. ही भिंत बाजूच्या बांधकामात दात घालून गुंतवलेली नाही. उद्या कुणाला शेगडी परत हवी झाली तर खांबाला धक्का न लावता ती निघेल.

ओट्याखाली डबर आणि राख होती. ती उपसून मुरूम ठोकला, वर काँक्रीट. तिथे फरशी कधी नव्हतीच, आणि हॉलच्या जुन्या शहाबादीसारखी छटा बाजारात मिळत नाही. जुळवायच्या भानगडीत न पडता काळ्या कडप्प्याची चौकोनी पट्टी घातली. मुद्दाम केल्यासारखी दिसते.

तो डाग

मालकीणबाईंची मूळ तक्रार इथे येते, आणि या कामात माझा सगळ्यात जास्त विचार तिच्यावरच खर्च झाला.

डाग खांबाच्या उजव्या खांद्याला होता, पिवळट-तपकिरी, कडेला गडद. गळती म्हणावी तर तो मे महिन्याच्या शेवटी, पावसाळा लागायच्या आधीच, नुसत्या दमट हवेने दिसू लागायचा. फेब्रुवारीत भिंत खडखडीत. पाणी वरून येत असतं तर ते पावसाबरोबर यायला हवं. एका ठेकेदाराने ओल मोजायचं यंत्र लावून "भिंत पूर्ण भिजलीय" असं सांगितलं होतं. ते यंत्र विजेच्या वहनावरून ओल ठरवतं, आणि भिंतीत क्षार असले की थोड्याशा दमटपणातही आकडा वर दाखवतं.

क्षार आले कुठून? लाकूड-कोळशाच्या धुराबरोबर क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट यांसारखे क्षार नळाच्या विटांत मुरतात. शेगडी पेटती होती तोवर नळ गरम, कोरडा राहायचा. जाळ बंद झाला, माथ्यावरून पाणी आत उतरू लागलं, काजळी भिजली आणि क्षार पाण्याबरोबर विटांतून गिलाव्यापर्यंत पोहोचले. तिथे ते हवेतली ओल ओढतात. म्हणजे गळती पूर्ण थांबवली तरी डाग येतच राहणार, कारण पाणी आता छपरातून नाही, हवेतून मिळतं. मालकीणबाईंनी लावलेला प्रत्येक रंग याच कारणाने गेला.

मिस्त्रीचं म्हणणं सरळ होतं. "सिमेंटचा गिलावा मारूया साहेब. चुना कोण मळतंय आता?" सिमेंटने डाग वर्षभर दबला असता आणि मग गिलाव्याची कड संपते तिथे, फूटभर पलीकडे, उगवला असता. आम्ही डागाच्या कडेपासून तीन फूट चौफेर जुना गिलावा विटेपर्यंत खरवडून काढला. तो डबर पुन्हा चुन्यात मिसळला नाही, कारण क्षार त्यातच असतात. सांधे खोल उकरले, भिंत महिनाभर उघडी सुकू दिली. रोज वर आलेली पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडून सुपात धरायची, पाण्याने पुसायची नाही. मग बागलकोट भागातला कळीचा चुना विरवून, चुना एक आणि वाळू तीन, थोडी सुरखी (विटांची भुकटी) घालून दोन हातांचा गिलावा केला. त्यावर चुन्याचीच सफेदी. प्लॅस्टिक पेंट नाही, हे मुलाकडून लेखी घेतलं.

काजळीचं काम कुणी कमी लेखू नये असंच मी सांगेन. नळाच्या तळाशी ती घमेल्याने निघाली. ती इतकी बारीक असते की साधा व्हॅक्यूम क्लीनर मागून पुन्हा हवेत फेकतो. हॉलची दारं प्लॅस्टिकने चिकटवून, पाण्याचा हलका फवारा मारत, एन-95 मास्क लावूनच ती काढली. सुरुवातीला गड्यांनी तोंडाला टॉवेल बांधला होता. शिंक आल्यावर टॉवेलच्या आतली बाजू काळी निघाली, मग मास्क मागून घेतले.

टीव्ही शेवटी खांबावर लागला नाही. चुन्याचा गिलावा सुकायला वेळ घेत होता आणि आयपीएल थांबणार नव्हतं, म्हणून मुलाने तो समोरच्या भिंतीवर टांगला.

पुढच्या जून-जुलैत जाऊन पाहिलं. छप्पर कोरडं, माळ्यात तुळईचं टोक कोरडं. डाग गेला होता, फक्त खांद्याच्या कोपऱ्यात तळहाताएवढी फिकट पिवळी छटा होती आणि बोट लावलं की सफेदीची भुकटी सुटत होती. विटांत उरलेले क्षार नव्या गिलाव्यात उतरत आहेत, हे अपेक्षितच होतं. एक-दोन हिवाळे गेल्यावर तेवढाच कोपरा खरवडून पुन्हा चुन्याने भरायचा. मालकीणबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. विरवलेला उरलेला चुना त्यांनी पाणी घालून झाकणाच्या डब्यात मागच्या व्हरांड्यात ठेवला आहे. पाण्याखाली राहिला तर तो तोवर वाया जात नाही.